आप्पा बाहेर असतानाचं एक मिनिट

परीक्षेची पहिली घंटा झाली की वर्गात जी शांतता उतरते ती पूर्ण शांतता नसते, हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं. त्याआधी कितीतरी मार्च मी याच शाळेत, अशाच वर्गांतून पर्यवेक्षण करत उभी राहिले होते. तेव्हा ती मला नुसती शांतता वाटायची. आता तिचे थर ऐकू येतात. मधला पंखा दर फेरीला एकदा कुरकुरतो. कुणाचा तरी बाक किंचित डुगडुगतो. प्रश्नपत्रिकेची पानं सगळ्या रांगांत जवळजवळ एकदमच उलटतात आणि मग पुन्हा पंखा. शेवटच्या बाकावरच्या मुलीला सर्दी आहे, तिचा श्वास नाकात अडतो. प्रत्येक खोलीला तिचा स्वतःचा आवाज असतो. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकाने शिकवली नाही. आवाज मुद्रित करणाऱ्या समीर नावाच्या माणसाने शिकवली, आमच्याच घरात, आणि ती शिकवताना त्याने माझ्या वडिलांना घराबाहेर उभं केलं.

वर्गात फोन न्यायचा नाही असा नियम आहे. पेपरच्या आधी आम्ही सगळे आपापले फोन पत्र्याच्या एका डब्यात ठेवतो, डबा मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो. यंदा त्या डब्यात माझ्या फोनमध्ये समीरने पाठवलेला एक आवाज पडून आहे. बावन्न सेकंदांचा. तो येऊन आठ दिवस झाले. पेपर सुटला की मी फोन परत घेते, तो आवाज अजून तिथेच आहे ना एवढं पाहते, आणि पर्समध्ये ठेवून देते. परीक्षेला बसलेल्या मुलांना मी सांगत असते, प्रश्न अवघड वाटला तरी एकदा नीट वाचून तर बघा. मला स्वतःला ते जमत नाही.

माझ्या लहानपणी मार्चला दोन वास असायचे, एक नव्या वहीचा आणि दुसरा चिंचोक्याच्या खळीचा. आमचं गाव सांगोल्याच्या बाजूला, माळावर. पाऊस कमी आणि मेंढरं उदंड. आप्पा घोंगडी विणायचे. चिंचोके फोडून, भिजवून, वाटून, शिजवून त्यांची खळ करतात; ती लोकरीच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, कुंच्याने चोपडायची आणि कडक उन्हात वाळवायची, म्हणजे सूत ताठ होतं आणि मागावर तुटत नाही. या कामाला ऊन लागतं, आणि ऊन आमच्याकडे मागावं लागत नाही. सगळं गाव सावली धरून बसायचं तेव्हा आप्पा खुशीत असत. अंगणभर काळा ताणा पसरलेला, आणि त्याच्या कडेला पुस्तक घेऊन बसलेली मी. ताण्याची सावली म्हणजे नुसत्या काळ्या रेघा. त्या रेघांतून मी दहावीचा इतिहास पाठ केला. आजही नव्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा फोडताना मला कुठूनतरी ओल्या लोकरीचा वास येतो.

माग घरातच, पुढच्या खोलीत. त्यासाठी जमिनीत खड्डा केलेला. आप्पा त्यात पाय सोडून बसत, त्यामुळे दारातून येणाऱ्याला ते कमरेपासून वरच दिसायचे. आडव्या सुताचा धोटा इकडून तिकडे जायचा, मग फणीचा ठोका पडायचा, धप्. घर म्हणजे तो धप् आवाज, असं आम्हा भावंडांचं समीकरण होतं. शाळेतून येताना तो वळणावरच ऐकू आला तर पाय सावकाश पडायचे. ऐकू आला नाही तर आम्ही पळत घरी जायचो.

टीव्ही आमच्याकडे उशिरा आला, आणि आल्यावर आप्पांनी त्यावरची एकच गोष्ट आपली मानली. रविवारी सकाळी एक मालिका लागायची, दर आठवड्याला एका माणसाचं आयुष्य. एका रविवारी देशभर नाव झालेली धावपटू, तर पुढच्या रविवारी धरणाच्या दारांना तीस वर्षं वंगण घालणारा कामगार. निवेदक म्हणायचा, सामान्य आणि असामान्य माणसांच्या गोष्टी. आप्पांना ही वाटणी पटायची नाही.

"ती बाई पळून मोठी झाली, बराबर हाय," ते म्हणायचे. "पर सारखं मागचंच सांगतीया. हा वंगणवाला बघ, दार उघडून दावतोय. मानूस कामावर दिसला पायजे."

आणखी एक तक्रार त्यांची कायमची होती. "ह्येच्या बायकूला कुणी काय इचारलंच न्हाय."

आणि शेवट जवळ आला, संगीत वाढलं, की ते आईला हाक मारत. "अगं ये लौकर. आता चालवत्यात बघ ह्येला."

खरंच तो माणूस चालू लागायचा. कॅमेऱ्याकडे पाठ करून, धरणाच्या भिंतीवरून, लहान लहान होत. "जित्या मानसाला पाठमोरा घालवत्यात," आप्पा म्हणत. "काय रीत म्हनायची ही?" आई स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "तुमास्नी कोन चालवाय येनार हाय? गप बघा की." आणि आप्पा हसायचे.

मी तेव्हा सोलापुरातून सुट्टीला आलेली असायचे, हातात काहीतरी पुस्तक. मला वाटायचं, हा माणूस मालिका बघत नाही, तपासतो. जसं एखाद्या दुसऱ्याने विणलेलं घोंगडं उन्हात धरून त्यातली विरळ जागा शोधावी, तसं.

तीन वर्षांपूर्वी, थंडी सरताना, त्यांना तपासणीसाठी माझ्याकडे सोलापूरला आणलं. खोकला जुना होता. लोकरीत आयुष्य घालवणाऱ्याला खोकला असायचाच, असं आम्ही धरून चाललो होतो. माझा धाकटा भाऊ दत्ता टेंभुर्णीहून आला. तो तिथे मालवाहतुकीच्या गाड्यांचं काम बघतो. डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. आप्पा बाहेर बाकावर राहिले. फुप्फुसात गाठ होती आणि ती पसरली होती. डॉक्टर शांतपणे म्हणाले, येता हिवाळा ते बघतील असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

बाहेर पडायच्या आधी, दाराच्या आतच, दत्ताने माझा दंड धरला. "ताई, आप्पास्नी कायबी सांगायचं न्हाय. ऐकलं की ते जेवायचं सोडतील." मी मान हलवली. अशा गोष्टी आपल्याकडे अशाच ठरतात. दोन माणसं, एक दार, काही क्षण. ज्याच्या आयुष्याबद्दल ठरतं तो बाहेर बाकावर बसून शेजारच्या पेशंटला त्याचं गाव विचारत असतो.

माझ्या घरी आल्यावर आप्पांनी ते कागद मागितले. ते चौथीपर्यंत शिकलेले, मराठी वाचायचे. कागद इंग्रजीत होते. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि माझ्याकडे दिले. "वाच की काय लिवलंय."

मी वाचलं. कागदावर बोट ठेवून, ओळीवरून ओळीवर डोळे नेत वाचलं. "छातीत कफ साठला आहे. जुना आहे, म्हणून औषध बरेच दिवस घ्यावं लागेल. धुळीत बसू नये."

"मग माग?"

"माग चालेल. थोडा थोडा."

"तसं लिवलंय?"

"हो."

आयुष्यभर मुलांना सांगत आले की जे लिहिलं आहे तेच वाचा, मनाचं घालू नका. त्या दिवशी एका कागदावर जे होतं त्यातला एकही शब्द मी वाचला नाही, आणि जे नव्हतं ते सगळं वाचलं, तेही न अडखळता. मग ते कागद मी जाड शब्दकोशात ठेवले आणि तो सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. तो हिशोब मला आज समजत नाही. त्यांना वाचताच येत नसलेला कागद मी कुणापासून लपवत होते?

त्याच आठवड्यात मी रविवारच्या त्या मालिकेला पत्र लिहिलं. तिथे काम करणारी रेवती नावाची दिग्दर्शिका एक दिवस फोनवर आली. गोड आवाजाची, ऐकून घेणारी. म्हणाली, विषय छान आहे, पावसाळ्यानंतर येऊ, माळ हिरवा असेल. मी म्हटलं, नको, आत्ताच या. तिने कारण विचारलं. मी सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "त्यांना ठाऊक नाही. तुमच्या कुणाच्या बोलण्यातून त्यांना कळता कामा नये. एवढं वचन द्या."

"कुणाच्या तोंडून शब्दही निघणार नाही, ताई," ती म्हणाली. तिने ते पाळलं. शब्द निघाला नाही.

मी हे दत्ताला सांगितलं तेव्हा तो फोनवर भडकला. "आप्पापास्नं लपवायचं आन् मुंबईच्या मानसास्नी सांगायचं? हे कुठलं शानपन?" मला आप्पांना ठेवून घ्यायचं होतं, त्यांचा धोट्यावरचा हात, "न्हाय की" म्हणताना वर जाणारी भुवई. त्यासाठी मी त्यांच्या घरात चार परकी माणसं आणत होते, आणि त्या प्रत्येकाकडे ते गुपित होतं. चार दारं मी स्वतः उघडली होती आणि आता प्रत्येक दाराशी मलाच पहारा करायचा होता.

दहावीच्या दोन पेपरांमध्ये सुट्टीचे दिवस आले, तेव्हा ते आले. मी आदल्या दिवशीच एसटीने गाव गाठलं. गाडीतून उतरल्यावर रेवती पहिली वाकली आणि आप्पांच्या पाया पडली. मग कॅमेरावाला पडला. मग त्याचा मदतनीस. आवाज घेणारा समीर सोलापूरचाच, घरी दखनी बोलणारा, चाळिशीतला. त्याने पायांना हात लावला नाही, नुसतं हृदयाशी हात नेऊन "सलाम चाचा" म्हटलं. तो एकटाच आप्पांशी नेहमीच्या आवाजात बोलला. बाकीचे तिघे हळू बोलत होते. आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसे. "काका, बसा ना." "काका, दमला नाहीत ना?" "काका, पाणी?" कुणीतरी खुर्ची आणली. आप्पांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही मानसं येवढी जपून का वागत्यात गं?" माग तपासत ते मला म्हणाले. "मी काय काच हाय?"

"शहरातली आहेत, आप्पा. शिस्त असते त्यांची."

"व्हय? तुजी पोरं बी शाळेत अशीच वागत्यात का?"

"नाही."

"मग?" ते म्हणाले, आणि धोटा उचलला.

आईचं भलतंच चाललं होतं. कॅमेऱ्यात प्लास्टिक दिसतं म्हणून तिच्या रंगीत घागरी कुणीतरी उचलून मागे ठेवल्या होत्या. "माजी भांडी काय चोरीची हायत व्हय? उचलली ती उचलली, वर तांब्याची आनून ठिवली. तांब्याच्या घागरीनं ह्या जल्मात कवा पानी आनलंय मी?" आप्पा मागावरून म्हणाले, "बाईसायेब, हिला बी इचारा की काय तर. सूत हिनं काढलंय सगळं. मी नुसता धोटा फेकतोय." रेवती ओशाळली आणि दुपारभर आईला चरख्याजवळ बसवून तिने तिचं सगळं चित्रण केलं. त्या दोन दिवसांत आप्पांच्या चेहऱ्यावर समाधान मी तेव्हाच पाहिलं. त्यांनी इतकी वर्षं त्या मालिकेतली जी विरळ जागा दाखवली होती, ती कुणीतरी भरत होतं.

मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. मी चौकटीला टेकून उभी, रेवतीच्या पाठीमागे, तिच्या मांडीवरची प्रश्नांची यादी मला दिसेल अशी. यादी मी आधीच वाचली होती, दोन प्रश्न खोडायला लावले होते. तरी माझी बोटं चौकटीवर आवळलेली होती. ती विचारत गेली, आप्पा सांगत गेले: पहिलं घोंगडं, वडिलांनी ते उसवायला लावलं ती गोष्ट, एकदा ताण्यावर शेजाऱ्याचं वासरू चढलं ती गोष्ट. सगळे हसत होते. मीही थोडी सैल झाले.

"हे जे आत्ता मागावर आहे," रेवतीने विचारलं, "हे कुणासाठी?"

"ज्याला थंडी वाजंल त्याच्यासाटी." आप्पांनी कपाळावरचा घाम पुसला. "आमचं काम असंच हाय बाईसायेब. उनाळ्यात इनायचं, थंडीत पांगरायचं. घाम गाळत बसलं तरी थंडी येनार म्हनून धरून चालाय लागतं."

"म्हणजे येत्या हिवाळ्यात..." रेवती म्हणाली, आणि थांबली.

तिने काहीही चुकीचं म्हटलं नव्हतं. वाक्य पूर्ण केलं असतं तर ते साधं वाक्य राहिलं असतं. पण तिला आठवलं, आणि ती थांबली. तिच्या मागे कॅमेरावाल्याने मान खाली घातली. मदतनीस खिडकीकडे बघायला लागला. त्या अर्ध्या वाक्यापाशी घरातली चार-पाच माणसं एकदम थांबली, आणि आप्पा एकेकाच्या तोंडाकडे सावकाश पाहत गेले, जसं विणताना तुटलेलं सूत शोधतात तसं. शेवटी माझ्यापर्यंत आले. मी त्यांच्याकडे पाहून हसले. काय हसणं असेल ते.

"च्या ठिवू का?" आई आतून म्हणाली.

"ठिव," आप्पा म्हणाले.

चहा झाल्यावर समीरने सांगितलं की आता एक मिनिट कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. खोलीचा नुसता आवाज घ्यायचा आहे. आईला ते काही केल्या पटेना. कुणी बोलायचं नाही तर मग घ्यायचं काय? समीरने कानावरचा हेडफोन मानेवर घेतला आणि आप्पांकडे वळून समजावलं. चित्रण जोडताना मधली वाक्यं कापावी लागतात. दोन वाक्यं एकमेकांना जोडली की मधे भोक पडतं, आणि ते कानाला कळतं. ते बुजवायला त्याच खोलीच्या शांततेचा तुकडा लागतो. दुसऱ्या खोलीचा चालत नाही.

"म्हंजे रफू," आप्पा म्हणाले.

समीर खूश झाला. "बराबर चाचा. रफूच."

"त्याच घोंगड्याची लोकर लागती रफूला. दुसरी लावली की डाग दिसतुया." आणि मग आईकडे बघून, "कळलं का? आता गप बस."

मी स्वयंपाकघराच्या दारात आईजवळ गेले. तिच्या बांगड्या वाजू नयेत म्हणून तिने एका हाताने दुसऱ्या मनगटावरच्या बांगड्या धरून ठेवल्या. समीरने बोट वर केलं. सगळे थांबले.

थोडा वेळ गेला आणि समीरच्या कपाळावर आठी आली. त्याने डोळे उघडले, आप्पांकडे वाकला आणि हलक्या आवाजात काहीतरी म्हणाला. आप्पांनीही त्याला हलक्या आवाजात काहीतरी उत्तर दिलं. मला दोन्ही ऐकू आलं नाही. मग आप्पा मागातून पाय काढून उठले, काठी घेतली आणि बाहेर गेले. समीर आमच्याकडे बघून म्हणाला, "चाचाकी सांस आ रई माईकमें. फिरसे लेते."

आणि मग ते मिनिट सुरू झालं.

पत्र्यावर ऊन तडतडत होतं. भिंतीवरचं घड्याळ. मागे परसात कोंबडी. चुलीत एक लाकूड बसलं. मागावर अर्धं घोंगडं होतं, खड्डा रिकामा होता, आणि घर तसंच्या तसं आवाज करत होतं, काहीही न अडता. उंबऱ्यावर आप्पांची सावली पडली होती. ते अंगणात होते, जिथे ताणा वाळत घालायचे नेमक्या त्या जागी, भर उन्हात, आणि आत बघत होते. माझ्या मनात आलं की हे पुढचं घर आहे. हिवाळ्यातलं. आम्ही सगळे ते आधीच ऐकत आहोत, आणि त्यांना बाहेर उभं करून ऐकत आहोत. मला ओरडायचं होतं. समीरचं बोट वर होतं, मी ओरडले नाही.

बोट खाली आलं तसे आप्पा बाहेरून म्हणाले, "झालं का? कसं वाजतंय घर?"

सगळे मोकळे होऊन हसले. मीही हसून म्हटलं, "बरं वाजतंय की, आप्पा."

संध्याकाळी ते चालवणं आलंच. रेवतीने मोठ्या आदबीने विचारलं, काका, घोंगडं खांद्यावर टाकून माळाकडे थोडं चालाल का? आईने पदर तोंडावर धरला. आप्पा गंभीरपणे म्हणाले, "चालतो की. पर जाताना नगं. येताना घ्या." रेवतीला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिने कॅमेरा आहे तिथेच ठेवून त्यांना माळाच्या टोकापर्यंत आधी जायला सांगितलं. जाताना काही घेतलं नाही. त्यांना परत यायला फार वेळ लागला. दोनदा थांबले. आम्ही कुणी पुढे झालो नाही.

त्यानंतर मी पेपरांसाठी सोलापूरला परतले आणि दर रविवारी गावाकडे जात राहिले. ते मागावर कमी बसू लागले, मग बसेनासे झाले. एका रविवारी त्यांनी अंथरुणावरून मला म्हटलं, "ते कागद हायत का गं? परत वाच की."

कागद शब्दकोशातून काढून मी पर्समध्ये घेऊन हिंडत होते. ते काढले आणि वाचले. या वेळी मी अजून चांगलं वाचलं. कफ आधीपेक्षा कमी आहे. थकवा औषधामुळे आहे. थंडीपर्यंत बरं वाटेल. ते डोळे मिटून ऐकत होते, आमच्या गावच्या देवळात पोथी ऐकतात तसे. संपल्यावर म्हणाले, "बेस वाचतीस तू." आणि थोड्या वेळाने, "लहानपनी बी बेस वाचायचीस."

श्रावणात ते गेले. गाठ हा शब्द आमच्या घरात त्यांच्यासमोर एकदाही उच्चारला गेला नाही. मी पहारा शेवटपर्यंत केला होता. दुःखाच्या त्या दिवसांत मला याचा, सांगायला लाज वाटते, थोडा अभिमानही होता.

थंडी पडल्यावर मालिकेत आप्पांचा भाग दाखवला गेला. शेवटी आप्पा माळावरून येत होते, मोठे मोठे होत, पडदाभर घोंगडं होईपर्यंत. रेवतीने शब्द राखला. पण त्याआधी, जवळपास अर्धं मिनिट, रिकामा माग दाखवला होता आणि त्याखाली घराची शांतता. पत्रा, घड्याळ, कोंबडी. अनेकांनी फोन करून सांगितलं, ती शांतता किती बोलकी होती. मी ती लगेच ओळखली. ते आप्पा बाहेर असतानाचं मिनिट होतं. आमच्याकडे त्यांचे किती शब्द होते, ठोके होते, हसणं होतं. पण ते आत नुसते बसलेले आहेत आणि कुणी काही बोलत नाही, हे कुठेच नव्हतं. ते समीरने बाद केलं होतं.

मी त्याला लिहिलं की पहिलं, बिघडलेलं मुद्रण असेल तर मला हवं आहे. त्याने शोधतो म्हणून कळवलं. मग वर्ष गेलं, मग आणखी एक गेलं. आणि आता, याच मार्चात, एका जुन्या डिस्कवर सापडलं म्हणून त्याने पाठवलं. सोबत एकच ओळ होती: चाचांनी तेव्हा मला जे म्हटलं ते यात आहे, बैठके सुनना.

त्या ओळीमुळेच आठ दिवस गेले.

शेवटी या रविवारी मी ते गावी घेऊन गेले. आई आता एकटीच असते. दत्ता अधूनमधून येतो. मागाच्या खड्ड्यावर तिने फळ्या टाकल्या आहेत आणि वर तिची रंगीत प्लास्टिकची घागर. आम्ही दोघी पुढच्या खोलीत, त्या फळ्यांच्या कडेला बसलो. मी फोन मधे ठेवला. "ह्यात ते हायत व्हय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बोलत नाहीत. नुसते आहेत."

"लाव."

समीरचा आवाज आला, चलो, सब चुप. मग पत्रा. घड्याळ. आणि त्यांच्यामधून, अगदी जवळून, आप्पांचा श्वास. आत जाताना जरा अडणारा, बाहेर येताना बारीक शिट्टी वाजवणारा. एक, मग मधे थांबा, मग दुसरा. आईने नकळत एका हाताने दुसऱ्या मनगटावरच्या बांगड्या धरल्या. मग समीर हळूच म्हणाला, "चाचा, जरा भाईर ठैरते क्या? सांस आ रई तुमारी."

आणि आप्पा, तितक्याच हळू, नेहमीच्या सुरात:

"जातो की. घराला बी सवय हुयाला पायजे."

काठीचा आवाज. मुद्रण संपलं.

म्हणजे मार्चातच त्यांना ठाऊक होतं. म्हणजे त्या चहाच्या आधीच, कदाचित त्या अर्ध्या वाक्याच्याही आधी, सोलापूरच्या त्या बाकावरच. आणि तरी त्यांनी मला कागद पुन्हा वाचायला लावला, डोळे मिटून ऐकला आणि बेस वाचतीस म्हणाले. मी पहारा करत होते असं मला वाटत होतं. ते माझा पहारा मोडू नये म्हणून आत बसून होते.

"आई," मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

तिने फोनकडे बोट केलं. "परत लाव."

मी परत लावलं. समीर म्हणाला, चलो, सब चुप. पत्रा, घड्याळ, श्वास. आई फोनवर किंचित वाकली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, बांगड्या मुठीत होत्या. श्वास येत राहिले. कुठल्या श्वासानंतर समीर बोलणार हे तिने एकदाच ऐकून ओळखलं होतं. तो बोलायच्या क्षणभर आधी तिने बांगड्या सोडल्या आणि फोनला म्हणाली,

"बसू द्या की त्यास्नी हितंच. भाईर लई ऊन हाय."